लोडरच्या बकेटला साखळीचे हुक लावताना: जागा, प्लेट, वेल्डिंग आणि वजनाचा हिशेब

उसाचा हंगाम संपला की ट्रॅक्टरच्या पुढचा लोडर वेगळ्याच कामांना लागतो. बांधावरची पडलेली बाभूळ हलवायची, विहिरीवरचं जुनं इंजिन काढायचं, माण-खटाव किंवा जतच्या माळावर रान साफ करताना निघालेले धोंडे कडेला लावायचे. यातलं बरंचसं बकेटमध्ये मावत नाही, साखळीनेच उचलावं लागतं. बकेटला हुक नसला की साखळी दाताला अडकवतात किंवा बकेटभोवती गुंडाळतात. दातावरून साखळी सटकते. गुंडाळलेल्या साखळीची कडी पात्याच्या धारेवर आडवी पडून वाकते. म्हणून दोन हुक कायमचे बसवून घेणं शहाणपणाचं. काम अर्ध्या दिवसाचं आहे, पण बहुतेक ठिकाणी ते उलट्या क्रमाने होतं: आधी हुक आणला जातो, मग मोकळी दिसेल तिथे चिकटवला जातो.

चांगला हुक सहसा तुटत नाही. त्याच्याखालचा पत्रा फाटतो. आपल्याकडच्या फॅब्रिकेशनच्या बऱ्याच बकेटचा पत्रा ४ ते ६ मिमीचा असतो आणि वरच्या काठाला एखादा अँगल किंवा चौकोनी पाइप दिलेला असतो. नुसत्या पत्र्यावर हुक जोडला तर ओढ एका तळहाताएवढ्या जागेवर येते. पत्रा आधी फुगतो, मग वेल्डच्या अगदी कडेने चीर पडते. वेल्ड शाबूत आणि हुक पत्र्याच्या तुकड्यासकट हातात, असा तो प्रकार असतो.

हुक आणि साखळी

वेल्ड करायचे हुक दोन जातीचे. ग्रॅब हुकाची खाच अरुंद असते, साखळीची एकच कडी उभी आत जाते आणि पुढची आडवी कडी अडते. त्यामुळे साखळी हवी तिथे आखूड करता येते. स्लिप हुकाचं तोंड रुंद, त्यात साखळी सरकते. बकेटवर ग्रॅब हुकच घ्यावा. त्याला कुलूप-पट्टी नसते, म्हणून साखळी सैल पडली तर ती बाहेर येऊ शकते. त्यावरचा उपाय हुकाच्या दिशेत आहे, तो पुढे येतो.

४५-५० एचपीच्या ट्रॅक्टरला १० मिमीची ग्रेड ८० साखळी आणि त्याच मापाचा हुक भरपूर झाला. ग्रेड ८० मध्ये ८ मिमी साखळीची सरळ टांगलेल्या एका पायावरची (साखळीच्या एका पदरावरची) सुरक्षित क्षमता २ टन, १० मिमीची ३.१५ टन. लोडर एवढं उचलतच नाही, मग १० मिमी कशाला? कारण झटका, गंज आणि धोंड्यावरची घासण या तिन्हींना मार्जिन लागतं. साखळी घेताना कड्यांवर ‘८’ किंवा ‘८०’ चा ठसा आहे का ते बघा. ठसा नसलेली, किलोवर मिळणारी साखळी गेटला लावायला ठीक, वजन उचलायला नाही.

तयार हुक मिळाला नाही तर प्लेटमधून खाच कापून घेण्याची पद्धत आहे, आणि नीट केली तर ती चालते. पण इथे एक माप सगळे चुकतात. १० मिमी साखळीच्या कडीची आतली लांबी ३० मिमी. तिच्या दोन्ही टोकांना शेजारच्या कड्या १०-१० मिमी जागा खातात, मध्ये उरतात १० मिमी. म्हणजे प्लेट १० मिमीचीच हवी. १२ मिमीची घेतली तर खाचेच्या कडा दोन्ही अंगांनी ग्राइंडरने उतरत्या कराव्या लागतात. ‘जाड ते मजबूत’ म्हणून १६ किंवा २० मिमीची प्लेट कापली की कडी तळाला बसत नाही, वरच अडकून राहते आणि ओढ आली की निसटते. खाचेची रुंदी १२ ते १३ मिमी, खोली किमान ३५ मिमी, तळ गोल. गॅस कटिंगचा खडबडीतपणा कानशीने काढून टाका, तिथूनच चीर सुरू होते.

बकेटवर जागा कुठली

दोन हुक, लोडरच्या दोन भुजांच्या बरोबर रेषेत, वरच्या काठावर. भुजा जिथे बकेटला पिनेने जोडल्या आहेत त्याच्या सरळ वर पट्टीने रेष मारा, तीच जागा. तिथली ओढ बकेटच्या मागच्या ब्रॅकेटमधून थेट भुजेत उतरते. अगदी कोपऱ्यात हुक लावला तर एका बाजूने उचलताना पूर्ण लोडर पिळतो आणि पिनांच्या बुशी एकतर्फी झिजतात. शिवाय द्राक्षबागेत, तासगाव-मिरजेकडे, बाहेर आलेला हुक मांडवाच्या तारेत अडकणार हे नक्की.

मधला तिसरा हुक बरेच जण मागतात, एकाच साखळीने सरळ उचलायला सोयीचा म्हणून. सोयीचा आहे खरा, पण तो भुजांच्या मध्ये, काठाच्या सगळ्यात लवचिक जागी येतो. काठाला पूर्ण लांबीचा ६५ मिमी किंवा त्याहून मोठा चौकोनी पाइप असेल तरच तो लावा आणि त्यावर दोन हुकांच्या निम्म्याहून जास्त वजन घेऊ नका.

खालच्या पात्यावर कधीही वेल्ड नको. पातं कठीण पोलादाचं असतं. वेल्डच्या उष्णतेने त्याच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि दगडावर आपटताच तडकते. शिवाय पात्याचं टोक पिनेपासून लांब, तिथे लोडरची ताकदही कमी. कंपनीने दिलेली क्षमता पिनेवरची आहे की पात्याच्या टोकावरची, हे पुस्तिकेत बघून घ्या. दोन्हींत चांगलाच फरक असतो.

आता दिशा. बकेट जमिनीवर सपाट ठेवली असताना हुकाचं तोंड ड्रायव्हरकडे आणि किंचित वर, साधारण ३० ते ४५ अंशांनी झुकलेलं असावं. उचलताना बकेट पुढे उपडी केली की मागे पाहणारं तोंड आकाशाकडे येतं, साखळी हुकावरून पुढे लोंबते आणि वजन बकेटला न घासता मोकळं लटकतं. पुढची वस्तू ट्रॅक्टर मागे घेऊन ओढायची असली तरी हेच तोंड साखळी धरून ठेवतं. उलट बाजूने, म्हणजे तोंड पुढे ठेवून लावलेला हुक बकेट उपडी होताच साखळी खाली सोडून देतो. तोंड मागे असल्याचा आणखी एक फायदा म्हणजे कडी खाचेत बसली की नाही हे सीटवरून दिसतं.

जागा ठरली की लगेच वेल्ड करू नका. हुकाच्या उंचीचा लाकडाचा ठोकळा त्या जागी चिकटपट्टीने बांधा. मग लोडर पूर्ण वर, बकेट पूर्ण मागे, असं सगळं फिरवून बघा. ठोकळा लोडरच्या आडव्या पाइपला, बॉनेटला किंवा समोरच्या जाळीला लागत असेल तर हुक पुढे सरकवावा लागेल. हे पाच मिनिटांचं काम टाळलं की हेडलाइट फुटतो.

हुकाखालची प्लेट

इथे हात आखडू नका. प्रत्येक हुकाखाली १२ मिमी जाड, काठाच्या दिशेने २०० मिमी लांब आणि काठाएवढी, म्हणजे ५० ते ६५ मिमी रुंद प्लेट घ्या. तिच्याखाली, बकेटच्या मागच्या पत्र्यावर उतरणाऱ्या १० मिमीच्या दोन त्रिकोणी गसेट (आधाराच्या प्लेट), १५० मिमी उंच आणि वर १०० मिमी. वरच्या प्लेटने ओढ काठावर पसरते. गसेटमुळे काठ मागे-पुढे वळत नाही. हुक बरोबर दोन गसेटच्या मध्ये येईल असं आखा.

काठ नुसता दुमडलेल्या पत्र्याचा असेल, अँगल किंवा पाइप काहीच नसेल, तर आधी पूर्ण रुंदीचा ५० × ५० × ६ चा अँगल काठावर जोडून घ्यावा. हुकांचं काम त्यानंतर.

प्लेटचे चारही कोपरे १५-२० मिमी त्रिज्येने गोल करा. चौकोनी कोपऱ्याशी ताण साचतो. कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीच्या आसपास कटिंगमधले तुकडे किलोवर मिळतात. १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो, त्यावरून अंदाज काढा. वरची एक प्लेट सव्वा किलोच्या आसपास होते, गसेट प्रत्येकी सुमारे ६०० ग्रॅम. म्हणजे दोन्ही हुकांचं मिळून पाच किलोही लोखंड लागत नाही.

वेल्डिंगच्या आधी

बकेट काढून खाली घेतली तर सगळ्यात उत्तम. दोन-चार पिना काढायच्या, बकेट अशी टेकवायची की वरचा काठ आडवा, हाताशी येईल. सपाट जागेवरचा वेल्ड डोक्यावरच्या वेल्डपेक्षा नेहमी चांगला उतरतो. शिवाय ट्रॅक्टरच्या वायरिंगचा प्रश्नच मिटतो.

बकेट ट्रॅक्टरवरच ठेवून काम करायचं असेल तर ही काळजी घ्या:

१. बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह तार काढा. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना ट्रेम-४ चे (धुराच्या प्रदूषणाचे) निकष लागू आहेत आणि त्यातल्या कॉमन रेल इंजिनांना ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, असतो. तशा ट्रॅक्टरला ईसीयूचं सॉकेटही सोडवा.

२. वेल्डिंग मशिनची अर्थची पकड बकेटवरच, वेल्डपासून हातभर अंतरावर, पत्रा घासून लावा. ती ट्रॅक्टरच्या चासीला लावली तर करंट पिना, बुशी आणि सिलिंडरच्या दांड्यातून वाट काढतो. दांड्यावर बारीक खड्डे पडतात आणि महिन्याभरात सील गळायला लागतं. कारण मात्र कुणाच्या लक्षात येत नाही.

३. हायड्रॉलिकचे होज आणि सिलिंडरचे चकचकीत दांडे ओल्या पोत्याने झाका.

४. भुजांखाली लाकडी ठोकळे द्या. नुसत्या हायड्रॉलिकवर उभ्या असलेल्या लोडरखाली कुणीही जायचं नाही.

आणि पाचट. उसाच्या रानात किंवा खळ्यावर वेल्डिंग करू नका. बकेटच्या दुमडीत अडकलेलं वाळलं पाचट आणि ग्रीस ठिणगीने हळू पेटतं, माणसं चहाला गेली की भडकतं. जागा झाडून, पाणी शिंपडून घ्या, पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा, काम संपल्यावर अर्धा तास कुणीतरी तिथे थांबा.

वेल्डिंग

रंग, गंज, ग्रीस वेल्डच्या रेषेच्या दोन्ही बाजूंनी २५-३० मिमी पूर्ण काढा, लोखंड चकाकलं पाहिजे. हुकावर जस्ताचा मुलामा असेल तर तोही ग्राइंड करून टाका. जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो आणि वेल्डला छिद्रं पडतात.

रॉड ई ७०१८ वापरा. गावातल्या गेट-खिडकीच्या कामाचा ६०१३ पत्र्याला ठीक आहे, पण घडाईच्या हुकाला लो-हायड्रोजन रॉडच लागतो, नाहीतर वेल्डच्या कडेला आतून चीर येते. ती लगेच दिसत नाही, दुसऱ्या दिवशी किंवा पहिल्या झटक्याला उघडते. ७०१८ चा एकच दोष, तो ओल पितो. पुडा फोडून आठवडाभर शेडमध्ये पडलेला रॉड, विशेषतः पावसाळ्यात, लो-हायड्रोजन राहत नाही. भट्टीत ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजून गरम असतानाच वापरायचा. भट्टी नसेल तर नवा सीलबंद पुडा फोडा आणि त्याच दिवशी संपवा. दोन हुकांना दीड किलो रॉड पुरतो.

३.१५ मिमी रॉडला १०० ते १४० अँपिअर, डीसी, रॉड पॉझिटिव्हला. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशिनवर ७०१८ चा चाप नीट धरत नाही, त्यामुळे इन्व्हर्टर मशिन बघा. शेतातल्या लाइनला व्होल्टेज पडलेलं असेल, शेजारच्या चार मोटारी चालू असतील तर रॉड चिकटत राहतो आणि वेल्ड वरवर बसतो. असा वेल्ड दिसायला फुगीर, आत पोकळ. त्यापेक्षा बकेट ट्रॉलीत टाकून वर्कशॉपला न्या.

क्रम असा ठेवा. आधी वरची प्लेट चार टॅकनी (वेल्डच्या छोट्या टिपक्यांनी) धरा, मग गसेट टॅक करा, मग मोजून बघा: दोन्ही बाजूंचं अंतर भुजांच्या मध्यापासून सारखं आहे ना? त्यानंतर ५०-५० मिमीचे टप्पे आलटून पालटून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. एका दमात पूर्ण रेष ओढली की पातळ काठ वाकतो आणि मग सरळ होत नाही. फिलेट, म्हणजे दोन प्लेटच्या कोनात भरलेला वेल्ड, ६ मिमीचा, चारही बाजूंनी बंद, म्हणजे प्लेटखाली पाणी शिरून गंज धरणार नाही. काठ बंद चौकोनी पाइपचा असेल तर आधी एका टोकाला ४ मिमीचं छिद्र पाडा. आतली हवा तापून फुगते आणि शेवटच्या टप्प्यात वितळलेला धातू बाहेर फेकते. थंड झाल्यावर छिद्र बुजवा.

हुक शेवटी. हुकाचा तळ आणि त्याखालची प्लेट गॅस टॉर्चने साधारण १५० अंशांपर्यंत तापवा, पाण्याचा थेंब टाकताच चर्र होऊन उडाला पाहिजे. हुकावरच्या कंपनीच्या कागदात वेगळं तापमान दिलं असेल तर ते पाळा. सगळ्या बाजूंनी दोन ते तीन थर, प्रत्येक थरानंतर वेल्डवरची खपली (स्लॅग) पूर्ण झाडून. वेल्ड झाला की पाणी मारायचं नाही. घाईने बादलीभर पाणी ओतून गार करण्याची सवय खूप ठिकाणी आहे, आणि हुक ठिसूळ होण्याचं तेच पहिलं कारण. कोरड्या राखेने किंवा वाळूने झाकून आपोआप निवू द्या.

वेल्डच्या ताकदीचा हिशेब सोपा आहे. ६ मिमी फिलेटचा गळा, म्हणजे त्याची सगळ्यात कमी जाडी, सुमारे ४.२ मिमी. दर चौरस मिमीला १०० न्यूटन धरले तर १०० मिमी लांबीचा जोड ४२ किलोन्यूटन, म्हणजे चार टनांच्या वर पेलतो. कागदावर. म्हणूनच वेल्डची चिंता कमी आणि त्याखालच्या पत्र्याची जास्त करायची.

तपासणी

खपली झाडून भिंगाने बघा: कडेला खाच पडलेली, टाचणीची छिद्रं, शेवटच्या टोकाला खड्डा. वर्कशॉपमध्ये तीन डब्यांचा डाय-पेनेट्रंट स्प्रे (बारीक चीर रंगाने दाखवणारा) असेल तर मारून घ्या, लाल रेघ उमटली तर तो भाग पूर्ण ग्राइंड करून पुन्हा भरा. चिरेवरून नुसता नवा थर ओढला तर चीर खाली तशीच राहते.

मग वजन. सिमेंटची गोणी ५० किलोची, युरियाची ४५ किलोची. मोजून टाकता येतात. लाकडी फळीवर दहा सिमेंटच्या गोण्या बांधून ५०० किलो उचला, जमिनीपासून वीतभरच, आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. आधी काठाला सरळ दोरा ताणून खडूने खूण केलेली असावी. उतरवल्यावर काठ दोऱ्याशी पुन्हा जुळला पाहिजे.

उचलताना

ओलं बाभळीचं लाकूड पाण्याइतकं जड धरा. ४० सेंमी जाडीचा ३ मीटरचा ओंडका पावणेचारशे किलोच्या आसपास भरतो. आपला काळा पाषाण घनमीटरला पावणेतीन-तीन टनांचा असतो. दोन फुटी चौकोनी धोंडा सहाशे किलोंच्या वर जातो. डोळ्यांना तो तीनशेचा वाटतो, फसगत इथेच होते.

दोन हुकांवरून साखळी टाकली की कोन बघा. ६०० किलोंचं वजन आणि साखळी उभी असेल तर प्रत्येक पायावर ३०० किलो. पाय उभ्या रेषेपासून ४५ अंश पसरले तर ४२४. ६० अंशांना एकेका पायावर पूर्ण ६०० येतात, शिवाय हुक एकमेकांकडे आडवे ओढले जातात. हुकांमधलं अंतर जेवढं, तेवढी तरी प्रत्येक पायाची लांबी ठेवा, म्हणजे कोन ३० अंशांवर राहतो.

मागच्या चाकांना वजन हवं. रोटाव्हेटर मागे जोडून ठेवला तरी बराच तोल सावरतो. नाहीतर २०० लिटरच्या पिंपात काँक्रीट भरून थ्री-पॉइंटला अडकवा, ते पावणेपाचशे किलोंच्या घरात जातं. मागची चाकं हलकी झाली की ब्रेकही सुटतात, कारण ब्रेक मागच्याच चाकांना आहेत. कृष्णाकाठच्या काळ्या रानात पाऊस झाल्यावर पुढची बारीक चाकं वजनाने रुततात आणि ट्रॅक्टर एका अंगाला कलतो. तिथे वाफसा येईपर्यंत थांबा.

वजन जमिनीपासून फूटभरच वर, वेग माणसाच्या चालीचा, झोके घेऊ नये म्हणून लांब दोरी धरून एक माणूस बाजूला, कधीही समोर नाही. उताराला, पाटणच्या डोंगरपट्ट्यात, आडवं जाऊ नका. उसातून गेलेल्या तारा झोळ पडलेल्या असतात. ११ हजार व्होल्टच्या लाइनपासून लोडर, साखळी आणि वजन तिन्ही किमान ३ मीटर दूर ठेवा.

बुडखा उपटायला या हुकांचा उपयोग करू नका. मुळं अचानक तुटली की भुजा उसळतात, न तुटली तर मागची चाकं उचलतात. बुडखा मुळं तोडून, मागच्या ड्रॉबारने, सावकाश.

वेल्ड थंड झाल्यावर रेड ऑक्साइडचा एक हात आणि वर पिवळा रंग द्या. दर महिन्याला आणि हंगाम सुरू व्हायच्या आधी ही जागा पुसून बघा, पिवळ्यावर केसाएवढी तांबूस रेघ दिसली तर तिथे चीर आहे. साखळीची जाडी कॅलिपरने मोजा, १० मिमीची कडी ९ मिमीवर आली की ती साखळी भंगारात. तुटलेली कडी वेल्ड करून किंवा तिथे नट-बोल्ट घालून पुन्हा वापरायची नाही.